झावात्फिच

वॉर्सातल्या पोलिश शब्दकोशाच्या कचेरीत लेओकादिया दोन आठवडे एकाच शब्दावर अडकली होती. झावात्फिच. मूळ अगदी निरुपद्रवी, ‘सोपं’ या शब्दातून आलेलं. सोपं करणं, मार्गी लावणं. पण त्र्याऐंशीच्या त्या टंचाईच्या हिवाळ्यात लोक त्यात काय वाटेल ते कोंबत होते. कचेरीतलं काम उरकणं, ओळखीनं मांस मिळवणं, एखाद्याचा काटा काढणं. आणि स्वतःचंच झावात्फिच करायचं म्हटलं, की शौचाला जाणं. हा अर्थ कार्डावर लिहिताना तिला हसू आलं होतं.

त्याच आठवड्यात तिच्या बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. वॉर्डात जागा नव्हती. वॉर्डाबाहेरच्या बोळात, दारातून येणाऱ्या वाऱ्यात ते चार दिवस कुडकुडत पडून राहिले. पाचव्या दिवशी भावाचा, झेनॉनचा फोन आला. तो मांसाच्या दुकानाचा व्यवस्थापक; तिला लोजा म्हणायचा.

“लोजा, बाबांना आत खाट मिळाली. मी केलं झावात्फिच.”

“कसं काय?”

“मोठ्या नर्सबाईंच्या घरी डुकराची एक अख्खी तंगडी पोचवली. तुझ्या कोशात असले रस्ते नसतात, बाई.”

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं.

संध्याकाळी ती गेली तेव्हा बाबांच्या बोळातल्या जागी दुसराच म्हातारा होता. व्रोना त्यांचं नाव. सकाळपर्यंत ते आत, खिडकीजवळच्या खाटेवर होते; आता तिथं बाबा होते.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “नर्सला बोलावता का? मला झावात्फिच करायचंय. केव्हाचा हाका मारतोय.”

ती धावली. नर्स चहा पीत होती. “बोळातल्यांचं माझ्याकडे नाही. थांबायला सांगा त्यांना.”

लेओकादियानं स्वतःच भांडं शोधून आणलं, पण उशीर झाला होता. चादर भिजली होती, वास सुटला होता, आणि म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तिनं बाह्या सारून गार पाण्यानं त्यांना पुसलं. आतून, बाबांच्या खाटेजवळून, झेनॉनचं हसणं ऐकू येत होतं.

हात न धुताच ती आत गेली. “त्यांना त्यांची खाट परत दे.”

झेनॉननं नाक दाबलं. “देतो की. बाबांना तू उचल, तूच बोळात नेऊन ठेव.”

बाबांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि तिच्याकडे पाहत राहिले. लेओकादिया खाटेपर्यंत गेली. तिथं उभी राहिली. मग वाकून तिनं बाबांच्या पायाखालची उशी नीट केली. त्या क्षणी तिला स्वतःची जी किळस आली, ती झेनॉनचीही कधी आली नव्हती.

त्यानंतर रोज ती व्रोनांसाठी सूप नेई, भांडं देई, चादर बदली. दहाव्या दिवशी त्यांचा मुलगा गावाहून ट्रॅक्टर घेऊन आला. निघताना म्हाताऱ्यानं तिचा हात हातात घेतला.

“देव तुमचं भलं करो. परक्यासाठी कोण करतं एवढं? तुमच्या वडिलांना मिळाली ना खाट?”

“मिळाली,” ती म्हणाली.

“चांगली आहे ना?”

“खिडकीजवळची आहे.”

म्हाताऱ्यानं वळून वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. मग तिचा हात सोडून त्यानं टोपी कानांवर ओढली आणि मुलाला म्हणाला, “चल.”