मुळा कोणाला मिळते?

मित्रांनो, मला खिशात घालायला जाऊ नका, पँट खाली येईल. मी एक जुना, वायरीचा फोन आहे. देवळाली प्रवरात जोशुआ सरांच्या बैठकीत, टीव्हीसमोरच्या तिवईवर माझा मुक्काम. माझ्या जन्माबद्दल एवढेच आठवते, की कारखान्यात आम्ही शेकडो भाऊ होतो आणि सगळ्यांचा आवाज सारखाच होता.

सर शाळेत भूगोल शिकवायचे. तेव्हा माझा फार मान. अर्धी गल्ली माझ्यावर बोलायला यायची, उरलेली अर्धी ऐकायला. मग घरोघरी मोबाईल आले. सर निवृत्त झाले, एकटे राहिले. मीही.

माझी खरी शांतता मात्र अकरा वर्षांपूर्वीच्या नाताळात सुरू झाली. चर्चमध्ये प्रश्नमंजुषा होती आणि सर परीक्षक होते. त्यांनी विचारले, "आपल्या इथली मुळा नदी कोणत्या नदीला मिळते?" त्यांची धाकटी बहीण स्टेला, श्रीगोंद्याला नर्स, उठून म्हणाली, "प्रवरेला." सरांच्या कागदावर घाईत गोदावरी लिहिले गेले होते. "चूक," सर म्हणाले. सर म्हणतात म्हटल्यावर सगळी मंडळी हसली. स्टेला तशीच श्रीगोंद्याला निघून गेली.

घरी येऊन सरांनी नकाशा उघडला. मग माझा रिसीव्हर उचलला, स्टेलाच्या नंबरचे पाच आकडे दाबले आणि ठेवून दिला. पुढे दर नाताळात हेच. पाच आकडे, आणि खाली. सहाव्यापर्यंत बोट कधी पोचलेच नाही.

यंदा मात्र मी वाजलो. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत स्टेलाची निवड झाली होती आणि अडल्यावर मदतीला तिने सरांचा नंबर दिला होता.

शेजारचा टेम्पोवाला गोरक्ष युक्त्या घेऊन धावत आला. "सर, मी रोज बघतो. लई लांबडं उत्तर आसंल तेच बरोबर आसतंय. न्हाईच सुचलं तर तिसरं म्हना. आन् खोका, म्हंजे इचार कराया येळ मिळतो."

सरांनी आठवडाभर राजधान्या पाठ केल्या. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यासमोर बसले. फोनवर इस्त्री दिसत नाही, हे मी कसे सांगणार?

मी वाजलो. तीस सेकंद सुरू झाले.

"दादा, मी स्टेला."

"बोल."

"मुळा कोणाला मिळते?"

मागून सूत्रसंचालक म्हणाला, "ताई, तुमचा प्रश्न हा नाही."

"म्हायताय. सेकंद माझे हायेत ना? बोल दादा."

सर खोकले.

"खोकू नको. पंधरा राहिले."

माझा रिसीव्हर घामाने ओला झाला. "प्रवरेला," सर पुटपुटले.

"मोठ्यानं."

"प्रवरेला, स्टेला! तवाबी प्रवरेलाच मिळत हुती. माझा कागद चुकला, आन् मी—"

वेळ संपली. समोरच्या प्रश्नाला स्टेलाने अंदाजाने उत्तर दिले, ते चुकले आणि ती घरी परतली.

कार्यक्रम टीव्हीवर लागला, त्या दिवशी सरांनी स्वतः चर्चच्या सगळ्या मंडळीला घरी बोलावले. त्यांचाच आवाज टीव्हीतून आला तेव्हा कोणी हसले नाही. म्हाताऱ्या कृपाबाई तेवढ्या म्हणाल्या, "म्हंजे अकरा वर्सं आमी गोदावरीच पाठ केली व्हय रे?"

"पर सर, ताई हारली की," गोरक्ष हळहळला.

"तुला स्कोर कळत न्हाई, गोरक्ष," सर म्हणाले.

नाताळात स्टेला आली. दादाला मोबाईल घेऊन आली. आता रोज संध्याकाळी दोघे त्यावर तासभर भांडतात. मी इथेच, तिवईवर. जन्मभर दोन्ही बाजू ऐकल्या, आता एकच ऐकू येते. पलीकडे स्टेला मात्र हसते आहे, हे सरांच्या तोंडाकडे पाहून कळते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. थंडीत ती बरी पडते. फक्त तुमच्या घरात कोणाचे बोट पाच आकड्यांवर अडले असेल, तर टीव्हीवाल्यांच्या बोलावण्याची वाट पाहू नका. सहावा दाबा.