'या की' म्हटलं तरी न उघडलेलं दार

मित्रांनो, माणसाची सारी संस्कृती माझ्यावर टेकून उभी आहे. राजेरजवाडे, खजिने, देवळांचे गाभारे, सगळे माझ्याच भरवशावर निर्धास्त झोपले. मी एक जुनं दार आहे. म्हणजे प्लायवूडचं. नागापूरला, एमआयडीसीलगतच्या भाड्याच्या खोलीचं.

सुताराने मला उभं केलं तेव्हा माझी पाठ थोपटली. पुढच्या प्रत्येक भाडेकरूने लाथ मारली, कारण पावसाळ्यात मी फुगतं.

मग कारखान्यात कामाला लागलेला कल्याण आला. दार ओढून घेतलं की आपोआप लागणारं कुलूप त्याने मला बसवलं आणि आईला, झुंबरबाईला, शनिशिंगणापूरहून आणलं. तिथल्या तिच्या घराला चौकट होती, दार नव्हतं. येणारा अंगणातून हाक मारायचा, ती आतून 'या की' म्हणायची, आणि माणूस आत यायचा.

इथेही तिने तेच चालू ठेवलं. शेजारची पुष्पावती, मूळची तिसगावची, वाटीत कालवण घेऊन टकटक करायची. झुंबरबाई तव्यावरची भाकरी न सोडता म्हणायची, 'या की'. बाजूच्या वर्कशॉपच्या खडखडाटात ते बाहेर पोचायचंच नाही. एक बाहेर उभी, एक आत बसलेली, मध्ये कर्तव्यदक्ष मी. स्वतः बाहेर जाताना झुंबरबाई मला उघडायची. पण आलेल्यालाही उघडून द्यावं लागतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

पुष्पावती वाटी घेऊन परतायची. झुंबरबाईला वाटायचं, इथली माणसं दाराशी येतात अन् आपल्याला टाळून जातात. तिचा घास कमी झाला. मला गावी सोड, असं ती कल्याणला म्हणाली. तो खाली बघत बोलला, "कुठं सोडू, आये? घर पाडलं, आपल्या जागेत आता देवाला येणाऱ्यांच्या गाड्या लागत्यात."

तेव्हापासून ती गाऊ लागली. नवी नवरी असताना त्या घरात बसून तिने माहेराच्या ओव्या गायल्या होत्या. आता ओवीत ते घरच आलं.

एके दिवशी वर्कशॉपला सुट्टी होती. पुष्पावती आली, तिने हात उचलला आणि ती थबकली. आतून ओवी येत होती:

"बिनदाराच्या घरात, वारा यायचा पुसून,
हितं मानूस दाराशी, जातो कशानं रुसून?"

पुष्पावतीने कपाळ माझ्यावर टेकलं आणि बाहेरूनच ओवी गायली:

"रुसले न्हाई बाई, उभी उंबऱ्याच्या पार,
तुज्या-माज्या मधी गं, आडवं हाय दार."

मित्रांनो, आपण दार असल्याची मला त्या दिवशी लाज वाटली.

आत भाकरी करपली. झुंबरबाईने कुलपाचा खटका दाबून मला उघडलं.

"मी रोज या म्हनते की," ती म्हणाली.

"अन् मी रोज टकटक करते," पुष्पावती म्हणाली.

मग दोघींनी मिळून मला शिव्या दिल्या. इतक्या गोड शिव्या मी कधी खाल्ल्या नव्हत्या.

आता दिवसभर मी उघडं असतं. एक ओवी टाकते, दुसरी उचलते.

तेव्हा मित्रांनो, गावाकडचं कुणी शेजारी राहायला आलं तर नुसती टकटक करून परतू नका. हाक मारा, जरा थांबा. आणि आम्हा दारांची काळजी घ्या. मला पॉलिश नको, तोरण नको. मी उघडं राहावं म्हणून माझ्याखाली कल्याणची चप्पल अडकवतात, तेवढी बदला. तो पाय धूत नाही.