बायकोची क्वेरी

“बघितलंस का रे? दुपारच्या आत पाठवायचंय,” बायकोने पलीकडच्या टेबलावरून विचारलं.

घरोघरी रुग्णांची शुश्रूषा करणारी माणसं पुरवणाऱ्या त्या कंपनीत दोघं एकाच खोलीत बसत. आधी लागला तो. ती त्याच्या ओळखीने आली आणि गेल्या महिन्यात चक्क त्याची प्रमुख झाली. तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखत होतं, त्यावर औषध नव्हतं. लोक अभिनंदन करायचे, तेही त्याचंच! “वहिनी भारी निघाल्या हो!” तो तोंडभर हसायचा आणि आतून जळून खाक व्हायचा.

आता तिची क्वेरी, म्हणजे नोंदींतून योग्य माणूस शोधायला संगणकाला दिलेली सूचना, तपासण्यासाठी त्याच्या स्क्रीनवर होती. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना उचलून बसवणारं आणि नळीने भरवणारं माणूस हवं होतं. तिने दोन्ही कामांची यादी बरोबर दिली होती, पण त्याआधी ‘इन’ लावलं होतं. म्हणजे यादीतलं एकच काम येत असलं तरी त्या माणसाचं नाव निघणार. दोन्ही येणारं हवं तर तिथे ‘ऑल’ लागतं, हे तिला शिकवलं होतं त्यानेच. चूक पहिल्या नजरेत दिसली आणि त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता इतका आनंद झाला.

“ठीक आहे, पाठव,” तो म्हणाला. एकदा आपटू दे, म्हणजे पाय जमिनीवर येतील.

दुसऱ्या दिवशी आजींकडे गेलेली बाई चांगली दणकट होती, पण नळीला हात लावायला घाबरली. दुसरी पोचेपर्यंत दुपार झाली. तोवर आजी उपाशी. त्यांचा मुलगा फोनवर साहेबांना जे बोलला, ते साहेबांनी भर खोलीत तिला व्याजासकट ऐकवलं.

“आणि हे तपासलं कोणी?”

त्याने स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं.

“माझीच घाई झाली, सर. मी स्वतः जाऊन माफी मागते,” ती म्हणाली. गेलीही. आजींच्या मुलाने उलट चहा पाजून पाठवलं. बघा, चुकूनही मान हिलाच! माझ्या वाट्याची शरमसुद्धा हिने पळवली, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच किळस वाटली.

संध्याकाळी भांडी विसळताना तिने विचारलं, “तुला दिसलं होतं ना?”

“हो.”

“आजी उपाशी राहिल्या रे.”

आता भांडेल, मग भांडेल, म्हणून तो तिथेच उभा राहिला. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि ती आत गेली.

सकाळी ऑफिसात तिने नवी क्वेरी लिहून संपवली. सवयीने त्याने खुर्ची पुढे ओढली. ती मात्र क्वेरी कागदावर छापून घेऊन कोपऱ्यातल्या सहकाऱ्याकडे गेली. या सहकाऱ्याला सगळे बडबड्या म्हणत.

“जरा नजर टाकता का?”

बडबड्याने चष्मा पुसला आणि तोंड मिटून एकेक ओळ वाचायला घेतली. ती शेजारचं स्टूल ओढून निवांत बसून राहिली.