आरसा धरणारा ईझल

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे लोक मला टॉवेल वाळत घालायचं स्टँड समजतात. मी ईझल आहे. कॅनव्हास उभा ठेवून चित्र काढायची लाकडी तिकाटी. कतारमधल्या दोहा शहरातल्या एका सुतारकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी थेट विद्यापीठाच्या स्टुडिओत गेलो. आता मी जुना झालो आहे आणि खरं सांगायचं तर बराच गोंधळलोही आहे. माझं काम नेमकं काय, हेच मला हल्ली धड सांगता येत नाही.

पूर्वी असं नव्हतं. मुलं माझ्यावर कॅनव्हास टेकवायची, रंगवायची, चिडायची, पुन्हा रंगवायची. शिकवणाऱ्या रुकैया मॅडम नव्या मुलांना सांगत, "तो कोपऱ्यातला घ्या, तो डगमगत नाही." मला फार बरं वाटे.

आसावरी ही माझी तिथली शेवटची विद्यार्थिनी. तिचे आईबाबा मूळचे नाशिकचे, राहायला दोह्याजवळच्या अल वक्राला. ती फक्त चेहरे रंगवायची, तेही दरवाजाएवढे. गालावरच्या एका सावलीपायी सगळा आठवडा घालवायची.

शेवटच्या वर्षी स्टुडिओत 'करिअर डे' झाला. संग्रहालयात मांडणी करणारे आले, शाळेत चित्रकला शिकवणारे आले, पुस्तकांसाठी चित्रं काढणारे आणि नाटकाचं नेपथ्य करणारेही आले. आसावरी प्रत्येक टेबलापाशी थांबली आणि प्रत्येक टेबलापासून जास्तच गोंधळून निघाली. शेवटच्या टेबलावर फैसल नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढच्या ट्रेमध्ये चक्क डोळे होते! अपघातात किंवा आजारात डोळा गमावलेल्यांसाठी ते कृत्रिम डोळे बनवत. त्या डोळ्यांना दिसत नाही. ते माणसाच्या दुसऱ्या डोळ्याशी हुबेहूब जुळावेत, एवढंच. त्यासाठी प्रत्येक डोळा हातानं रंगवावा लागतो. आसावरी तिथे बसली ती उठेचना.

तिला पदवी मिळाली, त्याच सुमारास स्टुडिओत नवे लोखंडी ईझल आले. आम्हा जुन्यांना टाकून द्यायचं ठरलं. तिनं मला मागून घेतलं आणि घरी नेलं. मला वाटलं, आता घरी चित्रं सुरू होणार. पण मी गॅलरीत उभा राहिलो आणि माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले. आसावरी रोज दोह्यातल्या अल मुंतझा भागात फैसल सरांच्या क्लिनिकमध्ये शिकायला जाऊ लागली.

तिचे बाबा विजय गॅस कंपनीत इंजिनिअर. एका शुक्रवारी चहा पिता पिता ते म्हणाले, "चार वर्षं पेंटिंग शिकलीस आणि शेवटी दवाखाना? मग आधीच मेडिकल का नाही घेतलंस?"

"बाबा, इट्स स्टिल पेंटिंग. आय थिंक."

"थिंक म्हणजे? तुलाच नक्की माहीत नाही?"

"नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. आई संजीवनी मध्ये पडल्या, "अहो, तिला शोधू तर द्या." त्या दिवशी त्या घरात मला धरून चार जण गोंधळलेले होते.

पुढे क्लिनिकमध्ये खिडकीजवळ आरसा हवा होता. डोळ्याचा रंग दिवसाउजेडीच पारखता येतो आणि पेशंटच्या उंचीप्रमाणे आरसा वरखाली करावा लागतो. आसावरीला माझी आठवण झाली. बाबांनीच मला गाडीत घालून तिथे पोचवलं. चित्राऐवजी आरसा! मला काही समजेना.

तिनं एकटीनं करायचा पहिला डोळा चेतनसाठी होता. चेतन सांगली जिल्ह्यातला वेल्डर, दोह्यात एकटाच राहणारा. कामावर त्याचा डावा डोळा गेला होता. घरी त्यानं 'डोळ्याला जरा लागलंय' एवढंच कळवलं होतं आणि तेव्हापासून व्हिडिओ कॉल बंद केला होता.

आसावरीनं बुबुळ रंगवलं. फैसल सरांनी ते खिडकीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "अगेन." तिनं पुन्हा रंगवलं. पुन्हा "अगेन." रंग तपकिरीच होता, पण नजर मेलेली वाटत होती. ती रडकुंडीला आली.

"ताई, न्हाय जमलं तर ऱ्हाऊ द्या," चेतन म्हणाला. "काळा चष्मा हाय की."

"नाही दादा. इकडे बघा. हलू नका."

ती त्याच्या समोर बसली आणि त्याचा उजवा डोळा नुसता पाहत राहिली. पूर्वी माझ्यापुढे उभं राहून गालावरची सावली पाहायची तशीच. मग तिनं तपकिरीत थोडा हिरवा घातला, कडेला करडी रेघ ओढली. पांढऱ्या भागात रेशमाचे लाल धागे बसवले, शिरांसारखे. या खेपेला फैसल सरांनी डोळा खिडकीत धरून पाहिला आणि सरळ पॉलिशला घेतला.

डोळा बसवल्यावर चेतन माझ्यापुढे उभा राहिला. आरशात पाहून त्यानं मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग तिथेच खिडकीशी त्यानं फोन काढला आणि बायकोला, अंजनाला, व्हिडिओ कॉल लावला. तिनं फोन जवळ धरून त्याचे दोन्ही डोळे निरखले.

"अवो," तिनं विचारलं, "लागलं व्हतं ते कंच्या डोळ्याला?"

चेतन हसायला लागला आणि हसता हसता खाली बसला. "सांगतो," तो म्हणाला, "समदं सांगतो. तू बस आधी."

आसावरी भिंतीकडे तोंड करून ब्रश धूत होती. एकच ब्रश, पण कितीतरी वेळ.

मित्रांनो, हे चित्र होतं की औषध, मला अजून उमगलेलं नाही. तुमच्या घरात कुणी चित्रकला शिकत असेल, तर पुढे काय करणार, असं जरूर विचारा. पण उत्तर यायला वेळ लागला, तर रागावू नका. आणि अडगळीत एखादा ईझल सापडलाच, तर त्याचे टॉवेल काढा, स्क्रू घट्ट करा आणि त्याला उजेडात उभं करा. तो काय धरेल, हे त्यालाही ठाऊक नसतं.