खालचं घर, वरची झोप

माझी मावशी शिवणकाम करते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि त्या काळात आम्ही भाड्याची इतकी घरं बदलली, की सामान बांधणं हा आमचा घरगुती उद्योगच होऊन बसला. भाडं कधी थकलं नाही, भांडण कधी झालं नाही. घर सोडायचं कारण दरवेळी एकच असायचं, ते म्हणजे मशीन. मावशीचं मशीन जुनं, लोखंडी, वजनाला हत्ती. ते सुरू झालं की खालच्यांच्या छतातून घरघर उतरायची. आधी कुणीतरी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचं, मग काही दिवसांनी घरमालक चेहरा पाडून दारात उभे. "बाई, तुमचं काही नाही हो, पण..." त्या 'पण'च्या पुढचं आम्हाला तोंडपाठ होतं.

मला नोकरी लागली तेव्हा मावशी म्हणाली, "आता घर घ्यायचं. स्वतःचं. लहान असलं तरी चालेल."

आमच्या भागात घरांचे व्यवहार बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं नाव ऑफिसच्या पाटीवर होतं, पण सगळे त्यांना भिंगरीताईच म्हणत, कारण पायाला भिंगरी लावल्यासारख्या त्या दिवसभर स्कूटरवरून फिरत असत. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानाशेजारची चिंचोळी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या किल्ल्याच किल्ल्या. याआधी भेटलेल्या दोन एजंटांनी आम्हाला खोल्या किती हव्यात आणि बजेट काय, एवढंच विचारलं होतं. ताईंनी मावशीला विचारलं, "तुम्ही दिवसभर घरात काय करता?"

मावशीने सांगितलं. घरमालकांचं आणि त्यांच्या 'पण'चंही सांगितलं.

"मग घरं नंतर बघू," ताई म्हणाल्या. "आधी मला मशीन बघू द्या."

त्या खरंच आल्या. चपला दाराबाहेर काढून खोलीच्या मधोमध अनवाणी उभ्या राहिल्या आणि मावशीला मशीन चालवायला लावलं. मग खाली बसून फरशीवर तळहात टेकवला. "कानाला एवढं नाही," त्या म्हणाल्या, "पायाला आहे." त्यानंतर आम्ही घरं बघायला निघालो, पण आमच्यापेक्षा जास्त घरं त्यांनीच नापसंत केली. एक घर मला फार आवडलं होतं. ताई खालच्या मजल्यावर एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "खाली तान्हं बाळ आहे. पुढे चला." मला वाटलं, या बाईंना घर विकायचंय की नाही?

शेवटी एका शांत गल्लीतलं दुमजली घर निघालं. वर एक बिऱ्हाड, खाली एक. वरचं घर निवृत्त मास्तरांचं. ते आणि त्यांची बायको लेकीच्या गावी राहायला जाणार होते, म्हणून विकायला काढलं होतं. पुढच्या खोलीला लांबरुंद खिडकी आणि तिच्यातून उजेड कसा, तर सुईत दोरा आपण होऊन जावा. मावशीने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघतात तसं. मी तिला इतक्या वर्षांत कुठल्याच घरात असं करताना पाहिलं नव्हतं.

"हेच घ्यायचं," ती म्हणाली. "आजच विसार देते."

"आज नको," ताई म्हणाल्या. "आधी मशीन आणू."

मास्तर चक्रावले. "अहो, घर बघायला मशीन?"

"मास्तर, लग्न लागल्यावर सासूला भेटण्यात काय अर्थ आहे?"

टेम्पो आला, दोन हमाल आले आणि मशीन धापा टाकत वर चढलं. खालचं घर रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सबाईंचं होतं, त्या तिथे एकट्याच राहत. दिवसा झोपायच्या. ताईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की तुम्ही रोजच्यासारख्या पलंगावर पडा, आणि स्वतः त्यांच्या खोलीत जाऊन बसल्या. मावशीने मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने ताई वर आल्या तेव्हा त्यांचा चेहराच सगळं सांगत होता.

"पलंगाचा पाय थरथरतोय," त्या म्हणाल्या.

मग मशीनच्या पायांखाली जाड रबर घातलं, त्याखाली सतरंजीच्या घड्या घातल्या. फरक पडला, पण थोडाच. तोवर नर्सबाई स्वतः वर आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस विस्कटलेले.

"खरं सांगू का?" त्या मावशीला म्हणाल्या. "नवीन शेजारी म्हणून सुरुवातीला मी काही बोलले नसते. पण पुढे कधीतरी बोलले असते. आणि वाईट बोलले असते."

मावशीने मशीनवर कापड पांघरलं. "नको मग. कुणाची झोप मोडून मला शिवायचं नाही."

माझा मात्र संताप झाला. बाहेरच्या जिन्यात मी ताईंना म्हणाले, "हे बघायलाच नको होतं. निदान घर तरी मिळालं असतं."

"मिळालं असतं," ताई शांतपणे म्हणाल्या. "आणि वर्षभरात ते विकायलाही तुम्ही मलाच बोलावलं असतं. माझा फायदाच होता त्यात."

मागून नर्सबाई आणि मावशी उतरत होत्या. नर्सबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "आवाज वरून खाली येतो, हीच तर पंचाईत आहे. या बाई खाली राहायला असत्या तर मला पत्ताही लागला नसता."

ताई पायरीवरच थांबल्या.

"सिस्टर, तुम्हाला खाली अजून काय काय त्रास होतो?"

कुणीतरी हे विचारायची नर्सबाई जणू वाटच बघत होत्या. "एक असेल तर सांगू. खालचं घर म्हणजे गल्लीची चौकशीची खिडकी. अमका कुठे राहतो, तमक्याचं पार्सल ठेवून घ्या. मुलांचा चेंडू आमच्याच दारावर. आणि मास्तर खुर्ची सरकवतात ती माझ्या डोक्यावरून."

"आणि तुम्ही वर राहिलात तर? डोक्यावर कुणी नाही, दारात कुणी नाही."

नर्सबाईंनी मान वळवून वरच्या दाराकडे पाहिलं. ताई मावशीकडे वळल्या. "आणि तुमच्या गिऱ्हाइकांना जिना चढायला नको. खिडकीतून माप दिलं, खिडकीतून कपडे नेले."

"पण खाली अंधार आहे," मावशी म्हणाली. ती नाही म्हणत नव्हती, हे मला तेव्हाच कळलं.

"अंधार त्या पत्र्याचा आहे," ताईंनी खालच्या खिडकीवर झुकलेल्या गंजक्या पत्र्याकडे बोट दाखवलं. "सिस्टरांनी झोपेसाठी बसवलाय. तो काढला की वरच्यासारखाच उजेड."

दुसऱ्या दिवशी उलटी परीक्षा झाली. मशीन नर्सबाईंच्या पुढच्या खोलीत आणि नर्सबाई मास्तरांच्या पलंगावर. मावशीने हातातलं जाडजूड कापड सुईखाली घातलं आणि मशीन असं पिटाळलं की खिडकीची तावदानं वाजली. ताई वर गेल्या त्या परत येईचनात. आम्ही मशीन थांबवून हळूच वर गेलो. ताई दारातच ओठांवर बोट ठेवून उभ्या. आत नर्सबाई गाढ झोपलेल्या, तोंड किंचित उघडं. मास्तर आणि त्यांची बायको आपल्याच स्वयंपाकघरात चोरासारखे कुजबुजत होते. मास्तरांचा चष्मा त्या खोलीतल्या कपाटात होता आणि तो आणायला बायको त्यांना जाऊ देत नव्हती.

बेत ठरला, पण खरं काम त्यानंतरच होतं. नर्सबाईंचं खालचं घर विकल्याशिवाय त्यांना वरचं घेता येणार नव्हतं आणि मावशीचं कर्ज मंजूर झाल्याशिवाय खालचं विकलं जाणार नव्हतं. दोन्ही खरेदीखतं एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक. वकील म्हणाले, "ताई, हा पत्त्यांचा बंगला आहे." ताई म्हणाल्या, "मग वारा येणार नाही असं बघू."

वारा आलाच. दुसऱ्या एका एजंटाने मास्तरांच्या घरासाठी गिऱ्हाईक आणलं. त्याला ना कर्ज काढायचं होतं, ना कुणासाठी थांबायचं होतं. हे मास्तरांच्या आधी ताईंच्या कानावर आलं. त्या सरळ मास्तरांकडे गेल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. मी त्या दिवशी तिथेच होते. मला वाटलं, या बाईंनी आपल्या हाताने दोर कापला.

मास्तरही म्हणाले, "हे तुम्ही मला का सांगताय? मला कळलंच नसतं कदाचित."

"घर तुमचं आहे, मास्तर. विकायचं कुणाला हे तुम्ही ठरवायचं, आणि सगळं माहीत असताना ठरवायचं."

मास्तर एकदा ताईंकडे, एकदा बायकोकडे बघू लागले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं, असं ते म्हणणार, हे चेहऱ्यावर दिसत होतं. बोलल्या त्यांच्या बायको. "सिस्टर आपल्या पलंगावर झोपल्या तसं माणूस झोपलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. मला वाटतं, महिनाअखेरपर्यंत थांबू या."

"थांबू या," मास्तर म्हणाले. घरातले मोठे निर्णय तेच जाहीर करत.

माझा नवा पगार एकटा कर्जाला पुरत नव्हता आणि बँक अडून बसली होती ती मावशीच्या धंद्यावर. पगाराची चिठ्ठी नाही, दुकान नाही. ताईंनी बँकेच्या साहेबांना समजावण्यात वेळ घालवला नाही. एका सकाळी त्यांना थेट आमच्या भाड्याच्या खोलीत घेऊन आल्या. दारात गिऱ्हाइकं, खुंट्यांवर शाळेच्या गणवेशांच्या चळती आणि मधोमध मावशी, तोंडात टाचण्या धरलेली. साहेब तासभर बसून गेले. जाताना म्हणाले, "माझ्या एका पॅन्टची लांबी जरा..." ती पॅन्ट नेऊन देईपर्यंत कर्ज मंजूर झालं होतं.

मी ताईंना एकदा विचारलं, "एवढी उस्तवार कशी करता हो?"

"दोन व्यवहार, दोन कमिशनं. मी काय समाजसेवा करते?" त्या हसल्या. मग हेल्मेट घालता घालता म्हणाल्या, "माणूस घर एकदाच घेतं हो, बहुतेक. मी रोज विकते. त्यामुळे चूक झाली तर ती माझी."

हे बोलून त्या गेल्याही. त्यांच्या तोंडून याहून मोठं भाषण मी कधी ऐकलं नाही.

सामान हलवायच्या दिवशी मास्तरांचं सामान पहाटेच निघालं. मग नर्सबाईंचं सामान वर जाऊ लागलं आणि आमचं आत येऊ लागलं. दारात आमचं कपाट आणि त्यांचा पलंग समोरासमोर आले. हमाल एकमेकांकडे बघत थांबले. ताई जिन्याच्या वळणावर उभ्या राहून वाहतूक पोलिसासारखे हात करत होत्या. "पलंग आधी! कपाट मागे घ्या! मावशी, तुम्ही मधे येऊ नका." आमच्या मावशीला हुकूम सोडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मावशी ऐकतही होती. सगळं लागलं तेव्हा ताईंनी दोघींच्या हातात किल्ल्या ठेवल्या, फोन वाजला म्हणून तो कानाला लावला आणि त्या स्कूटरवर बसून दिसेनाशा झाल्या. चहालासुद्धा थांबल्या नाहीत.

दुपार टळली होती. पत्रा काढलेल्या खिडकीतून उजेड थेट मशीनवर पडला होता. खोकी तशीच पडलेली. मी म्हणाले, "आधी भांडी तरी काढू." मावशी म्हणाली, "जरा बसते," आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसली. तिने काही शिवलं नाही. नुसती बसून राहिली, बाहेर गल्लीकडे बघत.

रस्त्याने जाणारी एक बाई मशीन पाहून थबकली. "इथे शिवणकाम करतात का हो?"

"हो, या ना," मावशी म्हणाली. "घर माझंच आहे."

त्या बाईंनी घराबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्या क्षणभर गोंधळल्या, मग मावशीच्या चेहऱ्याकडे बघून हसल्या आणि पिशवीतून लेकीचा उसवलेला फ्रॉक काढायला लागल्या.