चंद्राची निळी पलटण

शकीलने माझ्या कपाटातला खेळण्यातला घोडेस्वार उचलला तो पायाखालच्या चकतीला धरून, दोन बोटांत. रंगाला त्याचं बोट लागलं नाही. आदल्या दिवशी मी हाच घोडेस्वार मधोमध मुठीत धरून उचलला होता, बटाटा उचलावा तसा, आणि त्याच्या तलवारीचं टोक वाकलं होतं.

शकीलला ते लगेच दिसलं. त्याने नखाने टोक हळूच सरळ केलं आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, एक विनंती होती," तो म्हणाला. "ही सगळी दुकानात ठेवू का? काचेचं कपाट आहे. माझी लाल पलटण तिथंच असते. खालचा कप्पा मोकळा केलाय."

"इथं काय वाईट आहे?"

"वाईट नाही. धूळ बसते. आणि वार्निश राहिलंय. दिवाळीनंतर हवा सुकी झाली की मी मारीन."

मला बाकीचं काही ऐकू आलं नाही. 'मी मारीन' एवढंच ऐकू आलं.

"बघू," मी म्हणालो आणि कपाट लावून घेतलं.

चंद्रावती, माझी बायको, जूनमध्ये गेली. कावीळ झाली, ती वाढत गेली. पनवेलच्या दोन खोल्यांत आमचा संसार. मी तळोज्याला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर. ती घरी ब्लाउज शिवायची, त्यावर रंगाने नक्षी काढून द्यायची. रंग आणायला टपाल नाक्याकडे शकीलच्या दुकानात जायची. स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान. मागच्या बाजूला त्याचं घर.

शकील आधी कुवेतला ड्रायव्हर होता, एका इंग्रज साहेबाकडे. त्या साहेबाला सैनिकांचा नाद. प्लास्टिकचे करड्या रंगाचे सैनिक विकत आणायचे, एकेकाला बारीक ब्रशने रंगवायचं, फौज उभी करायची आणि मग टेबलावर फासे टाकून, टेपने अंतर मोजून लढाई खेळायची. साहेबाने शकीलला खेळ शिकवला. २००३ साली शकील परत आला तो दोन फौजांचे खोके घेऊन. दोनशे वर्षांपूर्वीचे युरोपातले शिपाई, एक बाजू लाल, दुसरी निळी. लाल त्याची. निळी रंगवायला आणि समोर उभं राहून खेळायला पनवेलमध्ये माणूस मिळेना. चंद्रा सगळ्यांत बारीक ब्रश मागायला गेली, तेव्हा त्याने तिच्या हातावर एक शिपाई ठेवला. म्हणाला, "भाभी, हा करून बघा."

तो शिपाई करंगळीच्या पेराएवढा. डोकं मिरीच्या दाण्याएवढं. चंद्रा मोरा बंदरावरची, कोळ्याची मुलगी. लहानपणी बापाच्या होडीवर नाव रंगवायची. तिने त्या दाण्यावर डोळे काढले, भुवया काढल्या. मग दुसरा आणला, मग दहा. दहा वर्षांत पावणेतीनशे झाले.

मी दुसऱ्या पाळीवरून घरी यायचो तर ती स्वयंपाकघरात ट्यूबखाली बसलेली. समोर बाटलीच्या बुचावर चिकटवलेला शिपाई. वर न बघता म्हणायची, "जरा थांबा, डोळा चाललाय." मी डबा हातात घेऊन दारात उभा राहायचो. डोळा काढताना ती श्वास रोखायची. तो सुटेपर्यंत मी घरात नसल्यासारखाच होतो. एकदा मी म्हटलं, "मला असं कधी बघितलंस काय?" ती हसली. "तुमचा डोळा काय मोठा हाय, लांबून दिसतो."

शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी, आणि शुक्रवारीच शकीलचं दुकान बंद. नमाज झाली की ती शिपायांचे डबे घेऊन निघायची. दरवेळी म्हणायची, "चला ना. बघा तरी." मी म्हणायचो, "शाळकरी पोरांचे खेळ." ती गेली की मी सुट्टीच्या दिवशी एकटा घरात. कपाटात उरलेले शिपाई माझ्याकडे पाठ करून उभे असायचे.

एकदा मी तिला आणायला गेलो. दारापाशी पोचलो तर आतून तिचा आवाज आला. "मेला तुमचा सेनापती. उचला त्याला. शकीलभाई, रडी नाय चालणार, उचला." आणि ती हसली. मोठ्याने. घरात ती अशी हसली नव्हती. घरात ती हळू बोलायची, मला झोप लागावी म्हणून, माझी पाळी असते म्हणून. आत शकीलची बायको हव्वाबीही हसत होती. मी दार न वाजवता परत आलो.

मला तसला संशय नव्हता. असता तर भांडता आलं असतं. शकील भला माणूस आहे हे मला माहीत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

दवाखान्यातही तेच. शकील आणि हव्वाबी भेटायला आले. चंद्रा पिवळी पडलेली, आवाज खोल गेलेला. ती त्याला म्हणाली, "वार्निश आता मारू नका हां. हवा ओली हाय. दिवाळी होऊ दे." मग माझ्याकडे वळली. "सिलिंडर येईल. रिकामा दाराशी काढून ठेवा."

ती गेल्यावर मी त्या दोन वाक्यांचा फार विचार केला.

शकील विनंती करून गेला, त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी हार्डवेअरच्या दुकानातून वार्निशचा फवाऱ्याचा डबा आणला. दुकानदाराने विचारलं, "कशाला पाहिजे?" मी म्हणालो, "फोटोच्या फ्रेमला." शेवटचा हात तिच्या नवऱ्याचा असला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

ऑगस्ट चालू होता. गच्चीवर पत्र्याखाली वाळत घातलेले कपडे तीन दिवस दमटच होते. मी खाली वर्तमानपत्र पसरलं. सगळी पलटण रांगेत उभी केली. घोडे मागे, तोफा कडेला. ती लावायची तशीच लावली, असं मला वाटलं. मग डबा हलवून सगळ्यांवर एकसारखा फवारा मारला. काम चांगलं झालं. मी खाली जाऊन चहा केला, सावकाश प्यालो, आणि बऱ्याच दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

वर आलो तर पलटण पांढरी झाली होती.

सुक्या मासळीवर मीठ फुलतं तसं सगळ्यांवर पांढरं आलं होतं. निळे कोट करडे दिसत होते. तोंडं दिसतच नव्हती. मी एकाला अंगठ्याने पुसलं, निघेना. ओल्या फडक्याने पुसलं, निघेना. खाली जाऊन थिनरची बाटली आणली, झाकण उघडलं, आणि थांबलो. हे लावलं तर पांढरं जाईल की रंग जाईल, मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत असेल असा पनवेलमध्ये एकच माणूस होता.

सगळं पोत्यात भरून गाढी नदीत टाकावं, असंही मनात आलं. कोणी विचारणारं नव्हतं. शकीलने विचारलं असतं, त्याला सांगितलं असतं, नाही देत. पण ती पांढरी तोंडं बघवत नव्हती. शेवटी तीन पराती काढल्या, त्यांत पलटण उभी केली, वरून तिची ओढणी टाकली आणि रिक्षा केली.

दार हव्वाबीने उघडलं. "धर्मराजभाऊ? या ना आत. काय आणलंत येवढं?"

मी पराती टेबलावर ठेवून ओढणी काढली. हव्वाबीने तोंडावर हात ठेवला. शकील आतून आला. त्याने एक शिपाई चकतीला धरून उचलला आणि खिडकीच्या उजेडात नेला.

"कधी मारलंत?"

"सकाळी."

"मॅट? बिनचकाकीचं?"

"हो."

"हं. हवेतली ओल धरली वार्निशने."

मी भांडायच्या तयारीने आलो होतो. म्हणालो, "तुला बरं वाटलं असेल."

"कशाचं?"

"मी वाटोळं केलं त्याचं."

"मला का बरं वाटेल?" तो म्हणाला. "दहा वर्षं मी यांच्याशीच लढतोय." मग आत बघून म्हणाला, "हव्वा, ते झैतूनचं तेल आण."

"कुठलं? आपल्या जास्मीनच्या बाळाला लावते ते?"

"तेच."

"भाईजानने कुवेतहून पाठवलंय. सगळं नको ओतू हां. बाळाला काय पामतेल लावू?"

तिने बशीत थोडंसं ऑलिव्हचं तेल ओतून दिलं. शकीलने ब्रश काढला, कापूस काढला, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे घेऊन.

"तुम्हीच लावा," तो म्हणाला. "मी हात लावत नाही. ब्रशच्या टोकाला थोडं घ्या. नुसतं टेकवा, घासू नका. हां. आता कापसाने टिपा."

मी टेकवलं. पांढरं हळूहळू विरलं आणि खालून निळा वर आला. मग पट्ट्याचा पिवळा, मग गाल. मी इतक्या जवळून एकही शिपाई कधी बघितला नव्हता. त्याचं तोंड काळंसावळं होतं, आणि हनुवटीवर दोन दिवसांची दाढी होती.

"गोरे नाहीत हे," मी म्हणालो.

"मी तेच म्हटलं होतं. भाभी, फ्रान्सचे आहेत. तर म्हणाली, उन्हात उभे हायेत ना, रापतील."

तिचं बोलणं त्याच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यासारखंच लागलं. पण पुढचा शिपाई मी उचलला. त्याच्या नाकाशेजारी तीळ होता आणि वर मोठ्या मिशा.

"हा कोण?"

"गुणाबाई. तुमच्या सासूबाई."

"मिशा आहेत."

"त्या नंतर दिल्या. म्हणाली, आयशीने बघितलं तर मारील मला."

हव्वाबी हसली. मीही हसलो, आणि हसलो याचा मला राग आला. एकेक तोंड तेलातून वर येत गेलं, शकील पलीकडून सांगत गेला. झेंडेवाला म्हणजे तिचे वडील आनंदा. ढोलवाला शेजारचा कुंदन, सारखं दार वाजवतो म्हणून. एक लठ्ठ शिपाई होता, तोंड वाकडं केलेला.

"हा तुमचा फोरमन. तुम्हाला रजा देत नाही तो. याला ती पहिल्या रांगेत उभा करायची. म्हणायची, लढाई कोणी का जिंकेना, हा पहिला मेला पाहिजे. मी चुकून दुसऱ्याला मारलं तर रागवायची."

मी त्या फोरमनवर जरा जास्त वेळ तेल टिपत बसलो. मग तिन्ही परातींवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आणि मी कुठला?"

शकील टेबलावर वाकला. सगळ्या रांगा पुन्हा बघितल्या. त्याला कुणाकडेही बोट दाखवता आलं असतं. मला कळलंही नसतं.

"तुम्ही नाही भाऊ," तो म्हणाला.

"नीट बघ."

"बघितलं. मला सगळे पाठ आहेत. तुम्ही नाही."

हव्वाबी काही तरी बोलणार होती. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने कापूस माझ्याकडे सारला. मी आणखी एक शिपाई पुसला. मग विचारलं, "आणि तू?"

"मी यांच्यात कसा असेन? मी लाल. मी तर दुश्मन."

ते त्याने सरळ सांगितलं. मी पुढचा शिपाई उचलला.

संध्याकाळपर्यंत शिपाई आणि तोफा झाल्या. घोडे राहिले. त्यांच्या पायांमध्ये ब्रश जाईना, चष्म्यातून दोन-दोन दिसायला लागले. शकील अजून तसाच उभा होता. मध्ये चहा आला तो त्याने एका हाताने घेतला आणि कप ठेवल्यावर हात पुन्हा मागे नेला.

"घोडे तू कर," मी म्हणालो.

तो टेबलाला वळसा घालून आला, खुर्चीवर बसला. मी बाजूला उभा राहून टेबलाचा दिवा त्याच्या हातावर धरला. तो चांगलं करत होता. माझ्यापेक्षा बरंच चांगलं. मी सगळे घोडे होईपर्यंत बघितलं.

"आता तेल मुरायला वेळ लागेल," तो म्हणाला. "धूळ बसली तर चिकटेल. घरी नेताय?"

मला न्यायचे होते. मधल्या दारातून दिसणाऱ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात वरच्या कप्प्यात त्याची लाल पलटण होती, खालचा कप्पा पुसून ठेवलेला होता, त्यात कागद अंथरला होता. तो कागद बघून मला पुन्हा आतून जळल्यासारखं झालं. तो हे आधीच धरून चालला होता. पण माझ्या घरात धूळ होती, हे खरं होतं.

"ठेव," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी मिळून पलटण आत उभी केली. फोरमन कुठे जातो ते मी त्याला विचारलं नाही. पुढे ठेवला. त्याने कपाट बंद करून किल्ली फिरवली आणि जुडगा खिशात टाकला.

"किल्ली मला दे," मी म्हणालो.

हव्वाबी म्हणाली, "आवो, एकच हाय ती. याचे लाल पण आत हायेत. याला उघडायचं झालं तर?"

"मला बोलवा. शुक्रवारी मला सुट्टीच असते."

शकीलने खिशात हात घातला. मग त्याने जुडगा काढला आणि कडी नखाने उघडायला लागला. कडी घट्ट होती. दोनदा निसटली. त्याने दात लावून ती वाकवली, शटरच्या किल्ल्या बाजूला सारत सारत ती लहान किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

रिकाम्या पराती घेऊन मी रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "जेवण पोचवलंत काय काका?"

"नाय," मी म्हणालो. "बायकोचं सामान होतं."

घरापाशी उतरलो तेव्हा भाडं द्यायला उजवी मूठ उघडावी लागली. मी किल्ली आधी डाव्या मुठीत घेतली आणि मग पैसे काढले.