वकील विरुद्ध गोलरक्षक

मुलीने फुटबॉलच्या गोलरक्षकाशी लग्न ठरवलंय, हे ऐकून वकिलांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"रोज पेपरात वाचतो मी. याने मारामारी केली, त्याने गाडी ठोकून पळ काढला. गुन्हेगारांची जमात नुसती!"

मुलगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. "बाबा, खेळाडूने कुणाला ढकललं की पहिल्या पानावर फोटो येतो. वकिलाने ढकललं तर शेजाऱ्यालाही कळत नाही. बातम्या मोजून काय होतंय? हजार खेळाडूंमागे किती जणांवर गुन्हे आणि त्याच वयाच्या हजार वकिलांमागे, डॉक्टरांमागे, ड्रायव्हरांमागे किती, ते ताडून बघावं लागतं."

"मग बघ की!"

तिने चिकाटीने आपल्या शहरापुरतं ताडून बघितलं. खेळाडू मधेच कुठेतरी निघाले.

"आणि वकील?" आईने विचारलं.

"त्यांच्या जरासे वर."

आईला हसू आवरेना. "कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही हे," वकील फणकारले. "पण एक सामना बघतो. माणूस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी मत देत नाही."

रविवारी मायलेकी त्यांना स्टेडियममध्ये घेऊन गेल्या. आधी ते हाताची घडी घालून बसले होते. मग समोरच्या संघातल्या एका धिप्पाड गड्याने गोलरक्षकाला कोपर मारून आडवं केलं आणि पंचांनी शिट्टीच वाजवली नाही. वकिलांचं डोकं फिरलं.

"डोळे फुटले का रे तुझे?" असं ओरडत त्यांनी पायातला बूट काढून भिरकावला. तो नेमका पंचांच्या पाठीत बसला. दोन रखवालदारांनी वकिलांना उचलूनच सुरक्षा कक्षात नेलं.

सामना संपताच चिखलाने माखलेला गोलरक्षक पंचांना घेऊन तिथे आला. "काका, तुम्हाला लागलं तर नाही ना?"

"मला? कोपर तर तू खाल्लंस!"

"ते रोजचंच आहे हो."

पंच म्हणाले, "माफी मागा, विषय मिटला."

आयुष्यभर समोरच्याला माफी मागायला लावणाऱ्या वकिलांनी मान खाली घालून माफी मागितली. पंचांनी काखेतला बूट पुढे केला. गोलरक्षकाने खाली बसून त्यांच्या पायात बूट चढवला आणि नाडी बांधून दिली.

बाहेर आल्यावर वकील बायकोच्या कानाशी लागले. "लग्नाची तारीख सामन्याच्या दिवशी धरू नकोस हं. मला यायचंय बघायला."